जर्मनीतलं एक सेमिस्टर परवडेल का? वहीच्या पाच पानांत हिशोब

दिवाळीत भाची पलूसहून आली ती लॅपटॉप उघडूनच. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे, तिथे एक सेमिस्टर जाता येतं. "मावशी, ट्यूशन फी शून्य आहे. शून्य!" हे तिने मला तीनदा सांगितलं. मागे आक्का आणि दाजी सोफ्याच्या कडेला बसले होते, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या घरी आता ओळखीपाळखीची पोरं फाइल घेऊन येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो: पैसे कसे जमवायचे? मी तो प्रश्न बाजूला ठेवायला लावते. पैसे जमतात. आपल्याकडे लग्नाला जमतात, दवाखान्याला जमतात, तसे यालाही जमतील. खरा प्रश्न असा, की पोरगी परत आली आणि हातात तिथल्या सहा महिन्यांशिवाय काहीच नसलं, तर घराला तो हप्ता सोसेल का? सोसणार असेल तर जावं.

हे ठरवायला आम्ही दोनशे पानी वहीची पाच पानं वापरली. तीच इथे देते. आकडे जर्मनीचे आहेत. देश बदलला तर आकडे बदला, पानं तीच ठेवा.

पहिलं पान: स्वप्न नक्की कशाचं?

भाचीला मी लिहायला सांगितलं, "मला तिथे जाऊन काय करायचंय?" तिने लिहिलं: तिथली लॅब, प्रोजेक्ट, जर्मन भाषा, वेगळ्या ठिकाणी एकटीने राहून बघणं. यात 'डिग्री' हा शब्द कुठेच नव्हता. त्या एका शब्दावर पंधरा-वीस लाखांचा फरक पडतो.

जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. बहुतेक जण त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' काढतात. म्हणजे पैसे आपलेच, पण तिथे पोचल्यावर दरमहा ठरलेलीच रक्कम हातात पडते. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. दोन वर्षांच्या मास्टर्सला नुसतं राहणं-खाणं २३,८०८ युरो झालं. युरो १०५ रुपयांना धरला तर पंचवीस लाख. सहा महिन्यांच्या एक्स्चेंजला, म्हणजे कॉलेजच्या करारातून एक सेमिस्टर जायला, तेच सव्वासहा लाख.

म्हणून ज्याला तो देश बघायचाय, तिथलं शिक्षण चाखायचंय, त्याने आधी सेमिस्टरचा विचार करावा. ज्याला तिथेच नोकरी करायची आहे त्याला डिग्री लागते, त्याचा हिशोब वेगळा आहे, तो चौथ्या पानावर.

आणि 'फी शून्य' हे सगळीकडे खरं नाही. एक्स्चेंजमध्ये फी आपल्या कॉलेजला भरायची असते, म्हणून तिथली माफ होते. पूर्ण डिग्रीला सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. आपलं विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे ते आधी बघा.

याच पानावर कॉलेजला विचारायचा एक प्रश्न लिहा: तिथले क्रेडिट इथे धरणार का? तोंडी "हो हो, होऊन जाईल" चालत नाही. विषयवार यादी करून विभागप्रमुखांची सही घ्या. नाहीतर परत आल्यावर सेमिस्टर पुन्हा द्यायची पाळी येते, आणि मग परवडण्याचा हिशोब एका वर्षाने लांबतो.

दुसरं पान: खर्च, रुपयांत

पोरं खर्च युरोत लिहितात, म्हणून तो लहान दिसतो. आईवडिलांसमोर ठेवायचा कागद रुपयांतच हवा. भाचीने पहिल्यांदा मांडला तो असा, ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राचा, सहा महिन्यांचा:

ब्लॉक्ड अकाउंट ५,९५२ युरो: ६,२४,९६०
व्हिसा ७५ युरो: ७,९००
विद्यापीठाची सेमिस्टर वर्गणी, अंदाजे ३०० युरो: ३१,५००
खोलीचं डिपॉझिट, अंदाजे ५०० युरो: ५२,५००
विमान, जाऊन-येऊन: ७०,०००
थंडीचे कपडे, बॅग, किरकोळ: २०,०००

बेरीज आठ लाख सात हजार. त्यावर मी दहा टक्के चढवायला लावते. झाले पावणेनऊ लाखांच्या वर. पासपोर्टचे पंधराशे, मुंबईच्या खेपा, खातं उघडून देणाऱ्या कंपनीचं शुल्क, हे सगळं त्या दहा टक्क्यांत जातं.

मग रेट. मी १०५ धरते, कारण आजच्या रेटवर बजेट करणारा माणूस पैसे पाठवायच्या दिवशी हमखास रडतो. युरो ११० झाला तर एकट्या ब्लॉक्ड अकाउंटला तीस हजार जास्त लागतात. ते घरात आहेत का, हे आत्ताच बघा.

९९२ युरोत महिना निघतो का? वसतिगृहात खोली मिळाली तर निघतो. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला साधारण तीनशे-चारशे युरो पडतात. म्युनिकसारख्या शहरात बाहेर खोली घेतली तर सातशेच्या पुढे, आणि मग ९९२ मध्ये उरतं काय? आरोग्य विम्याला महिना दीडशेच्या आसपास जातात, त्यातून सुटका नाही. शिवाय तिथे प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी आहे, महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही असो नसो. हे पोरांना कुणीच सांगत नाही, पत्र आलं की कळतं. खोली वाटून घेतली असेल तर वर्गणीही वाटली जाते, एवढाच दिलासा.

थोडक्यात, शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकंच खोलीचं भाडं बघा. करारात दोन विद्यापीठं असतील आणि त्यातलं एक लहान गावात असेल, तर मी डोळे झाकून लहान गाव निवडेन. सांगलीच्या पोराला लहान गाव काही नवं नाही.

पहिल्या महिन्याची एक अडचण वेगळी. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिथलं बँक खातं सुरू झाल्यावरच येतात. खात्याला पत्त्याची नोंदणी लागते, नोंदणीला खोली लागते, खोलीला डिपॉझिट लागतं. या फेऱ्यात तीन-चार आठवडे जातात. तेवढ्यासाठी हजारभर युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे न्यावेत. ते शेवटी खर्चातच वळते होतात, पण त्या दिवशी हातात असावे लागतात.

तिसरं पान: घरात किती आहे, त्यातलं हात लावण्याजोगं किती

दाजींना मी म्हटलं, "दाजी, रागावू नका, पण आज सगळं सांगा." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग खिशातून पासबुक काढून टीपॉयवर ठेवलं. म्हणजे माणूस तयारीनेच आला होता.

दोन एकर ऊस. एका दुकानात हिशोब लिहायची नोकरी, पगार २८ हजार. घरखर्च २४ हजार. ठेव चार लाख वीस हजार. धाकटा अकरावीत.

पोरांना वाटतं, चार लाख वीस हजार आहेत म्हणजे आहेत. तसं नसतं. त्यातले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे दीड लाख बाजूला काढले. धाकट्याच्या फीचे सत्तर हजार काढले. उरले दोन लाख. हे काढलेले पैसे भाचीच्या स्वप्नासाठी मोडायचे नाहीत, आणि "नंतर भरून काढू" असंही म्हणायचं नाही.

उसाचं बिल. एकरी ४५ टन, तोडणी-वाहतूक जाऊन टनाला बत्तीसशे धरले तर दोन एकराचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. पण आडसाली ऊस म्हणजे दीड वर्षाचं पीक. बेणं, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं पीककर्ज, सगळं वजा घालून दाजींनी स्वतःच आकडा सांगितला: एक लाख चाळीस हजार. बिलाचा आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे शेतकऱ्याच्या पोरांनाही सांगावं लागतं याची गंमत वाटते.

भाचीचे स्वतःचे शिकवण्यांतून साठलेले साठ हजार. आजीने देऊ केलेले एक लाख.

एकूण पाच लाख. तिकडे पावणेनऊ.

तेव्हा आक्का पहिल्यांदा बोलली. हातातल्या पाटल्या फिरवत म्हणाली, "या आहेत की. बँकेत ठेवू." भाचीने पेन खाली ठेवलं. कुणी काही बोललं नाही. मीही लगेच नाही म्हटलं नाही, कारण सोनेतारण हे वाईट कर्ज नाही, वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्तच पडतं. पण ते बहुतेक वर्षभराचं असतं, आणि वर्षाने सोडवायचं कशातून, याचं उत्तर या घरात नव्हतं. ज्याच्या घरी पुढच्या हंगामाचा पैसा नक्की येणार आहे, त्याने खुशाल ठेवावं. व्याज भरून नुसतं फिरवत बसायचं असेल तर पाटल्या हातातच बऱ्या.

चौथं पान: कर्ज

आधी मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी, कारण माझ्याकडे तेच जास्त येतात.

बँकांच्या साधारण पद्धतीत चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्याच्या वर तारण लागतं. आणि इथे आपल्याकडचे लोक अडकतात. पाच एकर बागायत आहे, सातबारा कोरा आहे, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही. घर, फ्लॅट, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट किंवा ठेव लागते. गावठाणातलं वडिलोपार्जित घर असेल तर चार चुलत्यांच्या सह्या गोळा करता करता प्रवेशाची मुदत संपते. ज्यांच्या घरात पोरगं दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांनी घराचे कागद आत्ताच नीट करायला घ्यावेत. दुसरी अडचण आयकर रिटर्नची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून कित्येकांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नसतं, आणि बँकेला सहकर्जदाराचं उत्पन्न कागदावर दिसावं लागतं.

आता हप्ता. वीस लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं: महिना २७ हजार. पण शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. दहा लाख पहिल्या वर्षी आणि दहा दुसऱ्या वर्षी उचलले, तर हप्ता सुरू होईपर्यंत सव्वापाच लाख व्याज चढतं. ते न भरता मुद्दलात जाऊ दिलं तर हप्ता ३४ हजार होतो. म्हणून व्याज दरमहा भरत जा: पहिल्या वर्षी ८,७५०, नंतर १७,५००. ते भरायची ताकद घरात नसेल, तर कर्जाचीही नाही असं मी समजते.

मग तो हप्ता जर्मनीतल्या पगारासमोर न मांडता पुण्यातल्या सुरुवातीच्या पगारासमोर मांडा. चाळीस हजार पगार आणि चौतीस हजार हप्ता. जमतंय? मी नोकरीत असताना असं एक कर्ज माझ्याच टेबलावरून पुढे गेलं होतं. कागद चोख होते. मुलगा आठ महिन्यांत परत आला, तब्येतीमुळे, त्याचा काही दोष नाही. वडिलांनी राहतं घर वाचवायला प्लॉट विकला. सही करताना मी त्यांना पुण्याच्या पगाराचं हे गणित घालून दाखवलं नव्हतं, ते अजून डोक्यात आहे.

कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वर स्वतःचे पैसे गेले तर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्न भरून परत मिळतो. शैक्षणिक कर्जाच्या रकमेवर तो कापत नाहीत.

भाचीसारख्या एका सेमिस्टरसाठी शैक्षणिक कर्ज मिळवणं कटकटीचं आहे, शाखेत विचारून बघावं. आम्ही साधं वैयक्तिक कर्ज धरून मांडलं: अकरा टक्के, तीन वर्षं, लाखाला हप्ता सुमारे ३,२७५. दाजींच्या घरात महिन्याला चार हजार उरतात. त्यातले तीन हजार हप्त्याला धरले, एक हजार घराला राहू दिले. म्हणजे या घराला कर्ज झेपतं ९० हजार. बस.

या पानावर दोन गोष्टी लिहायच्या नाहीत. एक, तिथली कमाई. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, हे सगळं खरं. पण भाषा येत नाही तोवर काम मिळणं अवघड, आणि एका सेमिस्टरसाठी गेलेल्याला काम सापडेपर्यंत परतीचं तिकीट येतं. मिळालं तर फिरायला वापरावं. दुसरी गोष्ट म्हणजे न मिळालेली शिष्यवृत्ती.

शिष्यवृत्तीबद्दल एवढंच: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची, शिवाय ओबीसी आणि खुल्या गटासाठी राज्याच्या योजना आहेत. या पूर्ण डिग्रीच्या आहेत आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी अट वाचा. युरोपात इरास्मस मुंडुस ही मास्टर्ससाठी महिना १,४०० युरो देते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याज सवलत देणारी 'पढो परदेश' योजना २०२२ मध्येच बंद झाली, तरी जुन्या माहितीपत्रकांत ती अजून दिसते. एक्स्चेंजवाल्यांनी समोरच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला सरळ मेल करून विचारावं. लाजू नये, ते रोज अशीच उत्तरं देतात.

सल्लागाराला पैसे देण्याबद्दल विचाराल तर आमच्या गल्लीतल्या एका मुलाकडून एका सल्लागाराने फॉर्म भरायचे ४५ हजार घेतले. जर्मनीतली बरीच विद्यापीठं 'युनी-असिस्ट'मार्फत अर्ज घेतात; पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. डिग्रीला जाणाऱ्यांना एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८ हजार. हे सगळं घरी बसून करता येतं.

पाचवं पान: पैसा कधी येतो

हे पान मी सहसा शेवटी काढते, पण भाचीच्या बाबतीत सगळं इथेच फिरलं.

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. व्हिसासाठी जून-जुलैत ब्लॉक्ड अकाउंट भरलेलं हवं. जून-जुलैत ऊसवाल्याच्या घरात काय असतं? पेरणीचा, खताचा आणि शाळेच्या फीचा खर्च. कारखाना सुरू होतो नोव्हेंबरमध्ये, बिल यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. कायद्याने चौदा दिवसांत यायला हवं, ते असो. बेदाणावाल्यांचा पैसा फेब्रुवारीनंतर, हळदीचा मार्चच्या पुढे. म्हणजे ऑक्टोबरला जायचं तर मधले सहा महिने उसनवारी करावी लागते, आणि त्याचं व्याज वेगळं.

उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. डिसेंबरअखेर बिल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पैसे ब्लॉक, लगेच व्हिसा. शिवाय जुलैअखेर तासिका संपतात, पुढे परीक्षा. मुक्काम पाच महिन्यांचा. आणि ती सहाव्या सेमिस्टरला जाऊन येते, सातव्याच्या कॅम्पस प्लेसमेंटला इथे असते. आपलं सत्र जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे तीन महिन्यांची हजेरी आणि परीक्षा यासाठी कॉलेजची लेखी परवानगी लागली; ती दोन खेपांत मिळाली.

पुन्हा मांडलं. पाच महिन्यांचे ४,९६० युरो म्हणजे ५,२०,८००. कपडे वीसऐवजी दहा हजारांत. बाकी तेच. बेरीज सहा लाख ९३ हजार, दहा टक्क्यांसह सात लाख ६२ हजार. घरातले पाच लाख, झेपणारं कर्ज नव्वद हजार. तूट एक लाख ७२ हजार.

समोरच्या विद्यापीठाला पाच महिन्यांसाठी दरमहा ३५० युरोची मदत मिळेल का, असा मेल आधीच गेला होता, अर्जही भरला. मिळाली तर एक लाख ८३ हजार होतात. मिळाली नाही तर पाटल्या, आजीची उरलेली ठेव, दाजींचा पीएफ, यातलं काहीही काढायचं नाही. हे वहीत लिहून खाली तिघांच्या सह्या घेतल्या. भाचीची सही सगळ्यात मोठी. तारीखही लिहिली: १० डिसेंबर. त्या तारखेपर्यंत मेल नाही आला तर या वर्षी जाणं नाही, मास्टर्सचा विचार नोकरी लागल्यावर.

आज २० नोव्हेंबर. सकाळी दाजींचा फोन आला, उसाला तोड आली म्हणून. मेलचं विचारलं तर म्हणाले, "पोरगी रात्री दोनदा उठून बघते. अजून काही नाही."